रेफरन्स मागताय? मग तो "बहुतेक" आधीच टाळा

एचआरचा मेल येतो, "दोन-तीन प्रोफेशनल रेफरन्स पाठवा", आणि आपण काय करतो तर कॉन्टॅक्ट लिस्ट उघडतो, त्यातल्या त्यात मोठ्या पोस्टवरचे लोक निवडतो आणि नंबर देऊन मोकळे होतो. मी पण एकदा हेच केलं. जुन्या डिपार्टमेंट हेडचं नाव ठोकून दिलं, त्यांना न विचारता. त्यांना अनोळखी नंबरवरून फोन गेला, ते घाईत होते, म्हणाले "हो हो, होता आमच्याकडे, चांगला होता बहुतेक". त्या "बहुतेक"नं घात केला. हे नंतर त्यांनीच मला हसत हसत सांगितलं, मला काही हसू आलं नाही.

बरं, आधी एक घोळ मिटवू. रेफरल वेगळं आणि रेफरन्स वेगळा. रेफरल म्हणजे कंपनीतल्या ओळखीच्या माणसानं तुमचा रेझ्युमे आत सरकवणं. रेफरन्स म्हणजे ज्यानं तुमचं काम पाहिलंय त्यानं फोनवर किंवा मेलवर सांगणं की हा माणूस कामाला कसा आहे. म्हणून पोस्ट बघू नका, काम कोणी जवळून पाहिलंय ते बघा. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या डायरेक्टरपेक्षा रोज सोबत बसलेली टीम लीड कधीही बरी. फ्रेशर असाल तर प्रोजेक्ट गाइड किंवा इंटर्नशिपमधले मेंटॉर चालतात, नातेवाईक आणि मित्र नाही. आणि सध्याच्या बॉसचं नाव ऑफर हातात येईपर्यंत देऊ नका, एचआरला सरळ सांगा की अजून ऑफिसात कुणाला माहीत नाहीये, त्यांना हे नेहमीचंच असतं.

आता विचारायचं कसं. "रेफरन्स द्याल का?" असं विचारलं की बहुतेक लोक हो म्हणतात, कारण तोंडावर नाही म्हणायला जड जातं, आणि मग फोन आल्यावर गुळमुळीत बोलतात. त्यापेक्षा समोरच्याला सुटायला वाट ठेवा. मी साधारण असा मेसेज टाकतो:

"मॅडम, नमस्कार. मी सध्या नवीन जॉब बघतोय, एका ठिकाणी शेवटच्या राउंडला पोचलोय. बिलिंग सिस्टिमच्या प्रोजेक्टवर आपण दीड वर्ष सोबत होतो, त्या कामाबद्दल तुम्हाला मोकळेपणानं चांगलं बोलता येईल असं वाटतं का? वेळ नसेल किंवा अवघड वाटत असेल तरी अजिबात हरकत नाही, बिनधास्त सांगा."

उत्तर "हो, नक्की" आलं तर छान. "बघतो", "कळवतो" आलं तर ते नाहीच समजा आणि पुन्हा मागे लागू नका. कधीकधी माणूस तयार असतो पण कंपनीचीच पॉलिसी असते की एचआरनं फक्त जॉइनिंगची तारीख, सोडल्याची तारीख आणि डेझिग्नेशन सांगायचं, बाकी कुणी काही बोलायचं नाही. अशा वेळी ती कंपनी सोडून गेलेला तुमचा जुना मॅनेजर शोधा, त्याला बोलायला तशी अडचण नसते.

हो मिळालं म्हणजे झालं असं नाही, खरं काम इथून सुरू. त्यांना जॉब डिस्क्रिप्शन पाठवा, आत्ताचा रेझ्युमे पाठवा (तुम्ही तीन वर्षांपूर्वी नेमकं काय करत होता हे त्यांच्या लक्षात असेलच असं नाही) आणि दोन-तीन प्रसंग आठवण करून द्या. म्हणजे "मेहनती आहे असं सांगा" वगैरे नको, तर "तो सर्व्हर रात्री बंद पडला तेव्हा क्लायंटशी मी बोललो होतो, तो किस्सा सांगितलात तर बरं होईल" असं. समोरून साधारण काय विचारतात ते ठरलेलं आहे, किती दिवस सोबत होता, कुठे कमी पडतो, नोकरी का सोडली, पुन्हा घ्याल का. यातलं "का सोडली" फार महत्त्वाचं, तुम्ही इंटरव्ह्यूत एक सांगितलं आणि त्यांनी दुसरंच सांगितलं तर दोघंही अडचणीत. अर्थात खोटं बोलायला सांगू नका, फक्त तुम्ही काय सांगितलंय ते त्यांना आधीच माहीत असू द्या.

फोन कधी येईल, कुठल्या कंपनीतून येईल हे आदल्या दिवशी कळवा, नाहीतर लोन विकणारा समजून कट करतात. काही ठिकाणी रेफरन्स देणाऱ्याचा ऑफिसचाच मेल आयडी लागतो, तेही आधी विचारून घ्या. आणि रेझ्युमेवर कुणाचे नंबर छापू नका, वेगळी यादी ठेवा आणि मागितल्यावरच द्या, नाहीतर बिचाऱ्यांना दहा ठिकाणांहून फोन जातात.

निकाल काहीही लागो, त्याच दिवशी कळवा. "नाही झालं मॅडम, पण तुम्ही वेळ काढलात, थँक्यू" एवढंच. मी एकदा असं कळवलं तर पलीकडून लगेच रिप्लाय, "अरे, मग पुढच्या वेळी तो सर्व्हरचा किस्सा जरा रंगवून सांगते".