दारू सुटल्यानंतर अमेरिकेत वैमानिकाचे वैद्यकीय प्रमाणपत्र कसे मिळवावे
दारूच्या व्यसनातून बाहेर आलेल्या वैमानिकाने अर्ज भरण्याआधीच, व्यसनातून सावरणाऱ्या वैमानिकांना उपचार व देखरेखीतून पुन्हा उड्डाणाकडे आणणाऱ्या, १९७४ पासून चालत आलेल्या 'हिम्स' कार्यक्रमाचे प्रशिक्षण घेतलेल्या वैद्यकीय परीक्षकाला भेटावे. व्यसनाधीनतेचे निदान झालेले असल्यास नियमानुसार किमान २ वर्षे पूर्ण मद्यत्याग सिद्ध करावा लागतो. मात्र उपचार आणि देखरेख काटेकोर असेल, तर विशेष परवानगीने प्रमाणपत्र त्याआधीही मिळू शकते, आणि हा मार्ग धरावा असेच मी आग्रहाने सांगेन. उपचारकेंद्राचे डिस्चार्ज पेपर, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल आणि रक्ततपासण्या तारखेनुसार लावाव्यात. अर्जातील १८व्या प्रश्नाखाली दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दलची जुनी अटकही लिहावीच. अशी कारवाई झाल्यास ती ६० दिवसांच्या आत एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) सुरक्षा विभागाला स्वतंत्रपणे लेखी कळवावी, कारण वैद्यकीय अर्जातील नोंदीने ती जबाबदारी संपत नाही.