निगेटिव्हवरची पेन्सिल

"किती एडिट केलेलं चालतं?" फोटो स्टुडिओत शिकायला येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात हे विचारतात. त्यांना यादी हवी असते : हे चालतं, ते चालत नाही. मलाही एके काळी तशीच यादी हवी होती. मी फसले ती यादीतल्या, चालणाऱ्या गोष्टींनीच. ते पुढं सांगते.

निपाणीत बाबांचा स्टुडिओ. मागच्या खोलीत लाल दिवा, निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवणारा एन्लार्जर आणि ओळीनं ट्रे. बारावीनंतर मी तिथंच काम शिकले. गिऱ्हाईकाच्या सुरकुत्या काढायला बाबा निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायचे. निगेटिव्हवर उजेड-सावली उलटी असते, म्हणून सुरकुतीची रेघ विरळ असते, तिथं शिसं चढवलं की प्रिंटवर ती उजळते आणि नाहीशी होते. चेहरा काळा पडत असेल तर एन्लार्जरच्या उजेडात हात आडवा धरायचा. आभाळ पांढरं येत असेल तर पुठ्ठ्याच्या भोकातून तेवढ्याच भागाला जास्त उजेड द्यायचा. आज फोटोशॉपमध्ये डॉज आणि बर्न या नावाची दोन साधनं दिसतात, ती हीच. म्हणून 'रोलच्या जमान्यात फोटो खरे होते' असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका. रोलच्याही आधीचा, लखनौच्या सिकंदरबागेचा फेलिचे बियाटो या छायाचित्रकारानं १८५८ मध्ये काढलेला फोटो बघा. अंगणात पसरलेली १८५७ च्या उठावातल्या मृतांची हाडं फोटोसाठी तशी मांडली होती, असं अभ्यासक मानतात. तिथं निगेटिव्हला हात लावायचीही गरज नव्हती.

बाबांच्या हातचं एक काम माझ्या मनात पक्कं बसलंय. वखारीत तंबाखूचं काम करणारी एक मावशी आली. नवरा वारून वर्ष झालेलं. त्याचा ओळखपत्रावरचा एवढासा फोटो, आणि तिचा एका लग्नात गर्दीत निघालेला. "आमचा दोघांचा फोटोच न्हाई ओ. दोघांस्नी शेजारी बसवून द्या की." बाबांनी दोन्ही फोटोंवरून पुन्हा निगेटिव्ह काढली. चेहरे एका मापाचे होईपर्यंत एन्लार्जर वरखाली केला, कापून जोडले, जोड ब्रशनं बुजवला, त्याला कोट रंगवला आणि सगळ्याचा परत फोटो घेतला. तो कोट त्या माणसानं जन्मात घातला नव्हता. तरी त्या फोटोनं कुणालाही फसवलं नाही. भिंतीकडं बघणाऱ्या घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की हा जोडलेला आहे. मावशीनं तो दोन्ही हातांनी छातीशी धरून नेला.

आता माझी चूक. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, वेदगंगा, दूधगंगा, घटप्रभा सगळ्याच नद्या पात्र सोडून वाहिल्या. पाणी ओसरल्यावर पडझडीचे फोटो छापून घ्यायला स्टुडिओत रांग लागली. भरपाईच्या अर्जाला ते जोडायचे होते. एका गावच्या दादांचा मोबाईलवरचा फोटो होता, भिंतीला तडा गेलेला. "ताई, जरा ठळक करून द्या." मी कॉन्ट्रास्ट वाढवला, सावल्या गडद केल्या, फोटो तड्यापुरताच ठेवून बाकीचा कापला. नवीन काही घातलं नाही, काही पुसलं नाही. वृत्तसंस्थांचे नियम बघितले तर उजेड सुधारणं, काटछाट, धूळ काढणं या गोष्टींना साधारणपणे परवानगीच असते. पण बोटभर तडा कागदावर हातभर दिसायला लागला. पाहणीला माणसं आली, त्यांनी भिंत बघितली, मग फोटो बघितला. त्या दादांचा अर्ज अडकला तो अडकलाच, पण त्याच गल्लीत ज्यांची घरं खरोखर बसली होती त्यांच्या फोटोंकडंही संशयानं बघितलं गेलं. ते फोटोही माझ्याच दुकानात छापलेले होते. त्यातल्या एका काकूंना मी नंतर तोंड दाखवू शकले नाही.

तेव्हापासून मी मुलांना साधनांची यादी देत नाही. एक प्रश्न देते : हा फोटो बघणारा माणूस तो काय समजून बघणार आहे? आठवण म्हणून, सजावट म्हणून, की पुरावा म्हणून? लग्नाच्या अल्बममध्ये मांडवामागची वायर काढा, बिनधास्त काढा. गिऱ्हाईकानं सांगितलं तर पुटकुळीही काढा. स्थळाला पाठवायच्या फोटोत मुलीचा रंग मात्र मी उजळत नाही. समोरचं घर तो फोटो खरा धरून बघतं आणि त्याचा त्रास त्या मुलीला होतो. यावरून गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्यावं.

बातमीच्या फोटोला तर याहून कडक राहायचं. माझ्याकडच्या एका मुलानं बाजारातल्या मोर्चाच्या फोटोतून मागची दुकानाची पाटी पुसली. "गचाळ दिसत होती, अक्का." आपल्या सीमाभागात पाटी म्हणजे नुसती पाटी नव्हे. ती कन्नडमध्ये आहे की मराठीत, कुठलं अक्षर वर आहे, यावर इथं माणसं रस्त्यावर उतरलेली आहेत. शिवाय बेळगाव शहराचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. पाटीवर बेळगाव आहे की बेळगावी, एवढ्यावरूनही उद्या कुणी फोटोचा काळ ठरवू शकेल. त्या मुलाला गचाळ वाटलं ते वीस वर्षांनी त्या फोटोतलं सगळ्यात मोलाचं असेल. मोठ्यांनीही हीच चूक केली आहे. नॅशनल जिओग्राफिकनं फेब्रुवारी १९८२ च्या अंकासाठी आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसवायला गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले. त्याची चर्चा अजून थांबलेली नाही. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या जागतिक स्पर्धेत शेवटच्या आधीच्या फेरीतले सुमारे २० टक्के फोटो मूळ फाईलशी ताडून बघितल्यावर बाद झाले.

म्हणून मूळ फाईल जपा. कॅमेऱ्यात रॉ (कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाईल) आणि जेपेग (नेहमीची तयार फाईल) दोन्ही ठेवा, काम नेहमी प्रतीवर करा, प्रतीचं नाव बदला, मूळ वेगळ्या डिस्कवर टाका. रोलच्या काळात निगेटिव्ह आपोआप उरायची आणि बाबा ती पाकिटात तारीख घालून ठेवायचे. आता जपायचं ठरवलं तरच उरतं. आता दोन शब्द लिहिले की जगातच नसलेल्या माणसाचा फोटो संगणक उभा करतो, त्यामुळं ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

गेल्या वर्षी त्या मावशीचा नातू तोच जोडलेला फोटो घेऊन आला. कडा पिवळ्या पडलेल्या. "रंगीत करून मोठा करायचाय. आजोबा कोट घालायचे होय?" त्याला माहीतच नव्हतं. मी त्याला बसवून सगळं सांगितलं. फोटो मोठा करून दिला, रंग भरला. फ्रेमच्या मागं बारीक अक्षरात लिहिलं : दोन फोटोंवरून जोडलेला, कोट रंगवलेला. खाली बाबांचं नाव घातलं.