मांजरीच्या पिल्लांचे रंग आधीच कसे ओळखायचे

नारिंगी रंगाचं जनुक मांजरांच्या एक्स गुणसूत्रावर असतं. बोक्याकडे एक्स एकच, तोही आईकडून आलेला. त्यामुळे बोका एकतर नारिंगी, नाहीतर काळा. भाटीकडे दोन एक्स, एक आईचा आणि एक बापाचा. दोन्ही वेगळे निघाले तर अंगावर काळं-नारिंगी दोन्ही उमटतं. अशीला इथे दुरंगी म्हणू.

आधी आईबापांचा गट ठरवा. पांढरे ठिपके सोडून द्या, त्यांचं जनुक दुसऱ्याच गुणसूत्रावर असतं. तिरंगी मांजर म्हणजे पांढरे ठिपके असलेली दुरंगी. फिकट क्रीम रंग नारिंगीत धरा, राखाडी काळ्यात. पूर्ण पांढऱ्या मांजरावरून मात्र काहीच सांगता येत नाही, कारण पांढऱ्याखाली खरा रंग झाकलेला असतो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती तपकिरी पट्टेवालीत. तिच्या अंगावर तांबूस झाक असते, पण पट्टे काळे असतात, म्हणून ती काळ्या गटातली. नारिंगी मांजराचे पट्टे गडद नारिंगी असतात, त्यांत काळे केस नसतात. वयानुसार नाकावर आलेले काळे ठिपके मोजू नका. काही दुरंगी मांजरींत नारिंगी अगदी चिमूटभर असतो: उजेडात हनुवटी, पोट आणि बोटांच्या मधले केस फिसकारून बघा.

मग हिशेब सोपा आहे. दुरंगी आई आणि काळा बाप असेल तर मुलगे नारिंगी किंवा काळे, मुली दुरंगी किंवा काळ्या. नारिंगी आई आणि काळा बाप असेल तर सगळे मुलगे नारिंगी, सगळ्या मुली दुरंगी. काळी आई आणि नारिंगी बाप असेल तर मुलगे काळे, मुली दुरंगी. दुरंगी आईच्या पिल्लांत दोन रंगांची वाटणी अर्धी-अर्धी, पण तीही सरासरीने. चार पिल्लांच्या वेतात चारही काळी येऊ शकतात.

बाप कोण हे शोधायचं असेल तर मुलींकडेच बघा, मुलग्यांच्या नारिंगी-काळ्यावरून बाप कळत नाही. नारिंगी मुलगी झाली तर तिचा बाप नारिंगीच. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात, म्हणून प्रत्येक मुलीचा विचार स्वतंत्र करा. त्याआधी लिंग नीट तपासा: शेपटी उचलल्यावर मादीत गुदद्वाराच्या अगदी जवळ उभी चीर दिसते, नरात गोल छिद्र दिसतं आणि मधलं अंतर जास्त असतं.

ठिपके कुठे पडतील हे मात्र सांगता येत नाही. मादी गर्भात प्रत्येक पेशी दोनपैकी कोणताही एक एक्स बंद करते, हा विचार ब्रिटिश आनुवंशिकीतज्ज्ञ मेरी लायन यांनी 1961 मध्ये मांडला. डिसेंबर 2001 मध्ये टेक्सासमध्ये एका तिरंगी मांजरीचा क्लोन जन्मला, त्याच्या अंगावर नारिंगी अजिबात नव्हता.

दुरंगी बोका साधारण 3000 दुरंगी मांजरांत एखादाच सापडतो. बहुतेक वेळा त्याच्यात दोन एक्स आणि एक वाय असतो आणि तो वंध्य असतो. पैदाशीसाठी म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर घेऊ नका.