दोन तळी, एक घाट, पाच दिवस: मुंबईकरांसाठी आल्प्समधील छोटा मोटारप्रवास

आल्प्समध्ये स्वतः गाडी चालवत फिरायचे ठरले, की सर्वांत आधी नकाशावरची अर्धी नावे खोडावीत. आठ दिवसांत तीन देश बसवण्याची आपल्याकडची हौस बसच्या सहलीत कशीबशी निभावते. गाडी आपण चालवत असू, तर ती हौस चालकाच्या पाठीवर आणि इतरांच्या स्वभावावर निघते. म्हणून या लेखात स्वित्झर्लंडच्या एकाच कोपऱ्याचा विचार केला आहे: ब्रिएन्झ आणि थुन ही दोन तळी आणि भोवतालचे डोंगर. दोन्ही तळ्यांच्या मध्ये इंटरलाकेन वसले आहे, आणि त्या नावाचा अर्थही ‘तळ्यांच्या मध्ये’ असाच आहे. झुरिक विमानतळापासून ते सुमारे 130 किलोमीटरवर, म्हणजे दादरहून पुण्यापेक्षाही जवळ आहे.

कधी जायचे, या प्रश्नावर मुंबईकरांची खरी अडचण होते. आपल्या मुलांच्या सुट्ट्या एप्रिल-मेमध्ये असतात आणि तिकडचे उंच घाट तेव्हा बर्फाखाली बंद असतात. ग्रिमसेल, फुर्का आणि सुस्टेन हे घाट साधारणपणे जूनमध्ये खुले होतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा बंद होतात. मे महिन्यातच जावे लागणार असेल, तर तळी आणि दऱ्या एवढ्यावर समाधान मानावे. केवळ 1,008 मीटर उंचीचा ब्रुनिग घाट मात्र वर्षभर चालू असतो. शाळेचे बंधन नसलेल्यांनी सप्टेंबर निवडावा, कारण तेव्हा गर्दी ओसरते आणि घाटही खुले असतात.

कागदपत्रांची तयारी दोन महिने आधी सुरू करावी. शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढांसाठी 90 युरो आहे, अर्ज प्रवासाच्या किमान 15 दिवस आधी करावा लागतो, आणि प्रवास विम्याचे वैद्यकीय संरक्षण किमान 30,000 युरोंचे असावे लागते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या पत्त्यानुसार ताडदेव, वडाळा, अंधेरी किंवा बोरिवलीच्या आरटीओतून मिळतो. त्याचे शुल्क 1,000 रुपये असून तो एक वर्ष चालतो. मूळ परवानाही सोबत लागतो, हे विसरू नये. गाडी आरक्षित करताना ऑटोमॅटिकची मागणी स्पष्टपणे नोंदवावी, कारण डाव्या हाताला स्टिअरिंग आणि उजव्या हाताला गिअर ही कसरत पहिल्याच दिवशी घाटात शिकण्याची नव्हे. अनामत रकमेसाठी चालकाच्या स्वतःच्या नावाचे क्रेडिट कार्ड मागितले जाते. पतीच्या नावाचे कार्ड आणि पत्नीच्या नावाचे आरक्षण अशी सांगड सहसा स्वीकारली जात नाही. महामार्गांसाठी 40 फ्रँकचे वार्षिक व्हिनेट, म्हणजे टोलचा परवाना, लागते, जे स्वित्झर्लंडमध्ये घेतलेल्या भाड्याच्या गाडीला बहुधा आधीच असते. तरीही चावी घेताना विचारून घ्यावे.

मुंबईहून थेट विमान मध्यरात्रीनंतर सुटते आणि झुरिकला सकाळी पोचते. रात्रभर अर्धवट झोप झालेल्या माणसाने उतरल्याबरोबर रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी हाकावी, हे मला मुळीच पटत नाही. त्यापेक्षा पहिल्या दिवशी विमानतळावरूनच सुटणाऱ्या रेल्वेने लुसर्नला जावे, तळ्याकाठी हिंडून लवकर झोपावे आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी ताब्यात घ्यावी. एका दिवसाचे भाडेही वाचते.

दुसऱ्या दिवशीचा लुसर्न ते ब्रिएन्झ हा ब्रुनिग घाटाचा रस्ता जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा आहे, तरी त्याला अर्धा दिवस द्यावा. वाटेत लुंगर्न गावाच्या वर रस्ता चढू लागतो आणि खाली त्याच नावाचे हिरवेनिळे तळे दिसते. गावकऱ्यांनी 1836 मध्ये डोंगरातून बोगदा काढून या तळ्याचे पाणी उतरवले होते आणि शेतीसाठी जमीन मिळवली होती. पुढे विसाव्या शतकात वीजनिर्मितीसाठी पाणी पुन्हा साठवण्यात आले. ब्रिएन्झच्या तळ्याचा दुधाळ निळा रंग छायाचित्रात पाहून खोटा वाटतो, परंतु तो खराच आहे: हिमनद्या खडक दळतात, त्याची पिठासारखी पूड ओढ्यांतून तळ्यात येते आणि प्रकाश विखुरते. मुक्कामासाठी इंटरलाकेनच्या हॉटेलांऐवजी ब्रिएन्झ किंवा बोनिगेनसारख्या काठावरच्या गावात स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे.

स्वयंपाकघराचा विषय निघाला म्हणून सामानाबद्दल सांगतो. पोहे, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, कोरड्या चटण्या अवश्य न्याव्यात. परंतु दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून नेण्यास बंदी आहे, त्यामुळे साजूक तूप आणि पेढे घरीच ठेवावेत. ताजी फळेही चालत नाहीत. मेमध्ये जाणाऱ्यांनी तिकडच्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी बांधून घेऊ नये. रविवारी गावांतली दुकाने बंद असतात, तेव्हा दूध-ब्रेड शनिवारी दुपारीच आणून ठेवावे.

गाडी चालवण्याच्या नियमांपैकी वेगमर्यादा सोप्या आहेत: गावात 50, गावाबाहेर 80, महामार्गावर 120, आणि दिवसाही दिवे चालू. गावात मर्यादेपेक्षा ताशी पाच किलोमीटरपर्यंत वेग वाढला तरी 40 फ्रँक दंड होतो, आणि तो कंपनीमार्फत तुमच्या कार्डावर येतो. अधिक लक्ष द्यावे लागते ते प्राधान्याकडे. खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते, तर गोल चौकात आधीपासून आत असलेल्याला. अरुंद घाटात सामान्यतः चढणाऱ्या गाडीला मान असतो, मात्र पिवळ्या पोस्ट बसपुढे (ही तिकडची सार्वजनिक बस) सगळ्यांनीच नमते घ्यावे. वळणाआड तिचा तीन सुरांचा भोंगा ऐकू आला, की जिथे जागा रुंद असेल तिथेच थांबावे, आणि बसचालक हाताने खुणा करील तसे मागे-पुढे व्हावे. उतरताना कसाऱ्यात ट्रकवाले करतात तेच करावे: खालचा गिअर ठेवावा, ब्रेकवर पाय दाबून धरू नये.

पार्किंगची निळी चकती मात्र शिकून घ्यावीच लागते. निळ्या पट्ट्यांच्या जागेत कामाच्या दिवशी सहसा एक तास फुकट मिळतो, पण त्यासाठी पुठ्ठ्याची चकती काचेमागे दिसेल अशी ठेवावी लागते, आणि तिचा बाण आपण आल्यानंतरच्या पुढच्या अर्ध्या तासाच्या खुणेवर लावायचा असतो. म्हणजे 10 वाजून 10 मिनिटांनी आलात, तर बाण साडेदहावर. मी पहिल्या दिवशी बाण अगदी बरोबर लावला आणि चकती मात्र डॅशबोर्डच्या कप्प्यातच राहू दिली. वीस मिनिटांत कॉफी पिऊन परतलो, तेव्हा वायपरखाली 40 फ्रँकची चिठ्ठी होती. पांढऱ्या पट्ट्यांजवळ पैसे भरण्याचे यंत्र शोधावे आणि पिवळ्या पट्ट्यांत गाडी लावूच नये, कारण ती जागा खासगी असते.

तिसरा दिवस लाउटरब्रुनेनच्या दरीचा. इथे 297 मीटर उंचीचा स्टाउबबाख धबधबा थेट गावावर कोसळतो. आपल्या माळशेजचे धबधबे आठवतात, फक्त इथे पायाखाली चिखल नसतो. गाडी स्थानकाजवळच्या बहुमजली वाहनतळात ठेवून पुढे जायचे असते, कारण वरच्या म्युरेन आणि वेंगेन या गावांत पर्यटकांच्या गाड्यांना प्रवेश नाही. चौथ्या दिवशी कांडरस्टेगला जावे. तिथून गोंडोलाने वर गेल्यावर थोडे चालले, की 1,578 मीटर उंचीवरचे ओशिनेन तळे लागते, आणि माझ्या मते सबंध प्रवासात एकच तळे पाहता येणार असेल, तर ते हेच पाहावे. तिथे सकाळी नऊच्या आत पोचावे.

पाचव्या दिवशी आल्या वाटेने न परतता सुस्टेन घाटाने लुसर्न गाठावे. 1938 ते 1945 या काळात बांधलेला हा रस्ता मोटारींसाठीच आखलेला असल्याने त्याची वळणे मोकळी आहेत, आणि 2,224 मीटरच्या माथ्याच्या अलीकडेच स्टाइन हिमनदी व तिच्या पायथ्याचे तळे दिसते. घाट खुला आहे की नाही, हे रस्त्यावरच्या फलकावर पाहावे: ‘ओफेन’ म्हणजे खुला, ‘गेश्लोसेन’ म्हणजे बंद. बंद असेल, तर ब्रुनिगने परत फिरावे. ढग खाली उतरले असतील, तरीही तसेच करावे.

गाडी परत करण्यापूर्वी टाकी भरून घ्यावी. गावातले पंप बहुधा स्वयंसेवेचे असतात आणि कार्डाचा पिन मागतात, म्हणून तो मुंबईतूनच पाठ करून जावा. ‘ब्लाइफ्राय’ म्हणजे पेट्रोल. झाकणाच्या आत इंधनाचे नाव लिहिलेले असते, ते नळी उचलण्याआधी वाचावे आणि भरल्याची पावती चावीसोबत द्यावी.