ऑइल कॅच कॅन: बसवावा की नाही, आणि बसवायचाच असेल तर कसा

डिझेल गाडीला ऑइल कॅच कॅन, म्हणजे इंजिनच्या वायूंतले ऑइल अडवून साठवणारा डबा, बसवला की इंजिनचे आयुष्य वाढते, ही समजूत आता तालुक्याच्या गॅरेजांपासून जिनिंगला कापूस नेणाऱ्या पिकअपवाल्यांपर्यंत पोचली आहे. ती निराधार नाही, पण तिची व्याप्ती फार मोठी करून सांगितली जाते. हा डबा इंजिनमध्ये हवा ज्या वाटेने शिरते त्या वाटेचे, म्हणजे टर्बोनंतरची (हवा दाबून भरणाऱ्या पंख्यानंतरची) नळी, ती हवा थंड करणारा इंटरकूलर, ती सिलिंडरांत वाटणारा मॅनिफोल्ड आणि व्हॉल्व्हची पाठ यांचे, ऑइलच्या थरापासून काही अंशी रक्षण करतो. बोअर (सिलिंडरची आतली भिंत), रिंगा आणि बेअरिंग यांची झीज त्याने थांबत नाही. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत इंजिने लवकर बसतात ती बहुतांशी धुळीमुळे आणि वेळेवर न बदललेल्या ऑइलमुळे, आणि या दोन्ही गोष्टींवर कॅच कॅन हा उपाय नाही. हे लक्षात घेऊनच खर्च करावा.

इंजिन चालू असताना पेटलेल्या वायूंचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक आणि ऑइल असलेल्या भागात, उतरतो. गॅरेजमध्ये यालाच बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. नवे कोरे इंजिनही त्याला अपवाद नसते, प्रमाण तेवढे कमी असते. या वायूंत पाण्याची वाफ, न जळलेले इंधन, काजळी आणि आम्लांश असतात, आणि फिरत्या क्रँकने उडवलेल्या ऑइलचे बारीक तुषार त्यांत मिसळतात. त्यांना बाहेर पडायला वाट नसेल तर चेंबरमधला दाब वाढून ऑइल सीलमधून गळती सुरू होते, म्हणून प्रत्येक इंजिनला ब्रीदर दिलेला असतो. पूर्वी ब्रीदरची नळी सरळ मोकळ्या हवेत सोडलेली असे. १९६० च्या दशकात प्रदूषण रोखण्यासाठी अमेरिकेत, आधी कॅलिफोर्नियात आणि मग सर्वत्र, हे वायू पुन्हा इंजिनच्या हवेच्या वाटेत सोडून जाळण्याची पद्धत आली आणि पुढे जगभर रूढ झाली. हवा स्वच्छ राहिली, पण ऑइलचे तुषार इंजिनच्या श्वासात मिसळू लागले. कॅच कॅन बसतो तो नेमका या परतीच्या नळीच्या मध्ये: वायू डब्यात शिरतात, त्यांचा वेग मंदावतो, आडव्या पडद्यांवर किंवा जाळीवर तुषार आदळून थेंब होतात आणि तळाशी साचतात, आणि उरलेला वायू पुढे जातो.

या तुषारांनी प्रत्यक्षात किती नुकसान होते, हे इंजिनच्या प्रकारावर अवलंबून आहे. ज्या पेट्रोल इंजिनांत इंधनाचा फवारा व्हॉल्व्हच्या अलीकडे पडतो, त्यांत पेट्रोलच व्हॉल्व्हची पाठ धूत राहते. अशा गाड्यांना या डब्याची गरज नाही, आणि खेड्यात दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल मोटारी याच प्रकारात मोडतात. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या नव्या टर्बो पेट्रोल इंजिनांत ही धुलाई होत नाही, तिथे व्हॉल्व्हवर कडक कार्बन बसतो आणि डब्याचा उपयोग खरोखर होऊ शकतो. टर्बो डिझेलमध्ये प्रश्न वेगळा आहे. तिथे ईजीआरमधून (जळालेल्या वायूंचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेतून) परत येणारी काजळी आणि ब्रीदरमधून येणारे ऑइल एकत्र होऊन मॅनिफोल्डमध्ये काळा चिकट थर धरतो, वाट अरुंद होते आणि इंटरकूलरची आतली बाजू तेलकट झाल्याने हवा पुरेशी थंड होत नाही. डबा यातला ऑइलचा भाग कमी करतो. काजळी मात्र येतच राहते, त्यामुळे थर बसणे मंदावते, थांबत नाही. इंजिन बनवणाऱ्यांनी टॅपेट कव्हरमध्ये (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणात) किंवा त्याला लागून ऑइल वेगळे करणारी रचना आधीच दिलेली असते, हेही विक्रेते सहसा सांगत नाहीत. ती रचना नीट काम करत असेल तर बाहेरच्या डब्याच्या वाट्याला फारसे काही उरत नाही.

ट्रॅक्टरसाठी हा डबा विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या ट्रॅक्टरांत ब्रीदर सहसा मोकळ्या हवेतच उघडतो, ऑइल हवेच्या वाटेत जातच नाही, मग अडवायचे काय? कोणी त्या नळीखाली प्लास्टिकची बाटली बांधतात. थेंब जमिनीवर पडू नयेत एवढ्यापुरती ती ठीक आहे, मात्र बाटलीचे तोंड नळीभोवती घट्ट बंद करू नये. तेच पैसे ऑइल बाथ एअर क्लीनरच्या वाटीतले ऑइल वेळच्या वेळी बदलण्यात घालावेत. धुळीतली सिलिका लोखंडापेक्षा कठीण असते, आणि रोटाव्हेटर किंवा थ्रेशरच्या कामात ती कणाकणाने बोअर खाते.

खरेदीपूर्वी करायची तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ थांबून डिपस्टिक पाहावी. 'थोडे जास्त असलेले बरे' म्हणून वरच्या खुणेच्याही वर ऑइल भरण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. अशा इंजिनात क्रँक ऑइलला घुसळतो आणि ब्रीदरमधून तुषार वाढतात. पातळी बरोबर केली की कित्येक गाड्यांची तक्रार तिथेच मिटते. त्यानंतर एअर फिल्टर काढून पाहावा. पांदण रस्त्याने फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या बराच आधी बुजतो, आणि फिल्टर बुजला की टर्बोच्या अलीकडे ओढ वाढून ब्रीदरमधून जास्त ऑइल खेचले जाते. म्हणजे इंटरकूलरमध्ये ऑइल दिसण्याचे मूळ कधी कधी फिल्टरच्या डब्यात असते.

मग डिझेल इंजिन गरम करून आयडलवर ठेवावे, ऑइल भरण्याचे झाकण सोडवून त्याच तोंडावर नुसते टेकवून ठेवावे. झाकण किंचित थरथरत असेल तर काळजी नाही. ते उडून पडत असेल किंवा तिथून सारखा धूर येत असेल तर रिंगा आणि बोअर यांची तपासणी आधी करावी. अशा इंजिनला कॅच कॅन लावणे म्हणजे रोग झाकणे होय. शेवटी इंटरकूलरची खालची नळी सोडवून आत बोट फिरवावे. बोटाला तेलाचा पातळ थर लागणे स्वाभाविक आहे. ऑइल साचून ओघळत असेल तर ते ब्रीदरमधून आले की टर्बोच्या सीलमधून, हे मिस्त्रीकडून ठरवून घ्यावे, कारण टर्बोतून येणारे ऑइल कोणत्याही डब्याने अडत नाही.

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस ६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. या गाड्यांत ब्रीदरच्या नळीत फेरफार केल्यास वॉरंटीचा दावा नाकारला जाऊ शकतो, आणि काही गाड्यांत इंजिनचा दिवाही लागतो. वॉरंटी शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत थांबावे. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

डबा निवडताना

झाकण उघडून आत पाहिल्याशिवाय डबा घेऊ नये. स्वस्त डब्यांपैकी पुष्कळ आतून रिकामे असतात. वायू एका तोंडाने शिरून समोरच्या तोंडाने जसेच्या तसे निघून जातात. आत पडदे आणि बारीक जाळी किंवा गाळणी असावी, शिरणाऱ्या वायूला खाली वळवणारी नळी असावी, तळाशी ड्रेन कॉक असावा आणि पातळी बाहेरून कळावी. रिकाम्या डब्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. तिचे तुकडे सुटून टर्बोच्या पात्यांत गेले तर डब्याच्या अनेक पट खर्चाचे काम निघेल.

दोन्ही तोंडांचा आतला व्यास मूळ ब्रीदर नळीपेक्षा कमी नसावा. हा मुद्दा दिखाऊपणापुढे मागे पडतो, पण सर्वांत महत्त्वाचा तोच आहे. वाट अरुंद झाली की चेंबरमधला दाब वाढतो. टर्बोला वंगण देऊन झालेले ऑइल केवळ स्वतःच्या वजनाने चेंबरमध्ये परत उतरते. चेंबरमध्ये दाब वाढल्यास ते तुंबते आणि टर्बोच्या सीलमधून हवेच्या वाटेत झिरपते. ज्या ऑइलपासून वाचण्यासाठी डबा लावला तेच ऑइल मग दुसऱ्या दाराने आत येते.

वर छोटा फिल्टर असलेले, वायू मोकळ्या हवेत सोडणारे डबेही मिळतात. ते आपल्या भागात मुळीच नकोत. ही पद्धत प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही, केबिनमध्ये वास येतो, आणि चेंबरमध्ये ओढ निर्माण होईल तेव्हा तो चिमुकला फिल्टर आणि त्यावरची धूळ एवढेच काय ते ऑइल आणि बाहेरची हवा यांच्यामध्ये उरते.

बसवण्याची रीत

जागेची निवड उष्णतेच्या हिशेबाने करावी. डबा जितका थंड, तितकी वाफ जास्त निवते. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बॉनेटखाली त्याहून पुष्कळ अधिक उष्णता असते. टर्बो किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या शेजारी बसवलेल्या डब्यातून ऑइल वाफेच्या रूपातच पुढे निघून जाते. शक्य तो समोरच्या जाळीच्या बाजूला, वारा लागेल अशा जागी, बॉडीला पक्क्या ब्रॅकेटने डबा बसवावा आणि इंजिनच्या हालचालीसाठी नळ्यांना थोडी ढील ठेवावी.

नळी ऑइल सहन करणाऱ्या रबराचीच हवी. पाण्याची किंवा बागेची नळी ऑइलने फुगते, गरम झाल्यावर मऊ पडते आणि ओढीमुळे आत दबून वाट बंद करते. इंजिनकडून डब्याकडे येणारी नळी उतरती असावी आणि तिला कोठेही झोल पडू देऊ नये, कारण त्या झोलात पाणी व ऑइल साचून अडथळा होतो. आत आणि बाहेर अशा खुणा पाहून जोडणी करावी, प्रत्येक जोडावर क्लिप आवळावी, आणि मूळ नळी कापण्याऐवजी काढून जपून ठेवावी, म्हणजे गाडी केव्हाही पूर्ववत करता येते.

डब्याने वाट अडवली आहे की नाही, हे तपासायला महागडे मीटर लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला जी पारदर्शक नळी वापरतात तिचा लांब तुकडा पुरतो. नळीचा इंग्रजी यू आकार करून ती लाकडी फळीला बांधावी, दोन्ही भुजा किमान मीटरभर उंच ठेवाव्यात, तळाशी थोडे पाणी भरावे, आणि एक टोक डिपस्टिकच्या नळीला रबरी तुकड्याने हवाबंद जोडावे; दुसरे टोक उघडे राहू द्यावे. डिपस्टिकची नळी ऑइलच्या पातळीखाली उतरत असेल तर आकडा खोटा येतो, तेव्हा हे माप ऑइल भरण्याच्या तोंडाशी घ्यावे. डबा लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर, गरम इंजिनवर, आयडलला आणि मग ठरावीक आरपीएमला दोन्ही भुजांतल्या पाण्याचा फरक मोजून लिहून ठेवावा. उघड्या भुजेतले पाणी डबा लावल्यावर आधीपेक्षा स्पष्टपणे वर चढत असेल, तर डबा किंवा नळी अरुंद आहे आणि ती बदलली पाहिजे. पाणी फार वेगाने इंजिनच्या बाजूला ओढले जात असेल तर लगेच इंजिन बंद करावे.

त्यानंतरची देखभाल

सुरुवातीला डबा आठवड्याला उघडून पाहावा. किती साचते याचा अंदाज आला की अंतर ठरवता येते. पावसाळ्यात आणि थंडीत, विशेषतः गावातल्या गावात छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, ताकासारखे पांढरट पाणचट द्रव निघते. इंजिन पुरते गरम न झाल्याने वाफेचे पाणी झालेले असते, त्यामुळे ते पाहून लगेच हेड गॅसकेट गेल्याची शंका घेऊ नये; कूलंटची पातळी उतरत असेल तरच ती घ्यावी. निघालेल्या द्रवात पाणी आणि इंधन बरेच असते. तेव्हा 'एवढे ऑइल वाचले' असा हिशेब मांडू नये, आणि ते पुन्हा इंजिनमध्ये तर कधीच ओतू नये.

डबा भरून वाहू देणे हा या उपकरणाचा खरा धोका आहे. भरलेल्या डब्यातून ऑइलचा लोट एकदम टर्बोकडे ओढला गेला तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच धावू लागते, चावी बंद करूनही थांबत नाही आणि वेग आवरेनासा होऊन फुटू शकते. हंगामात रात्रंदिवस चालणाऱ्या पिकअपवर ड्रायव्हर बदलत असतात. डबा रिकामा करण्याचे काम एका ठरावीक माणसाकडे दिलेले नसेल तर तो न बसवलेलाच बरा.

दर वेळी निघालेले द्रव मापाच्या बाटलीत मोजून किलोमीटरसह वहीत टिपावे. प्रमाण काही महिने स्थिर राहून नंतर वाढू लागले, तर रिंगा झिजत असल्याची ती आगाऊ सूचना असते आणि कॉम्प्रेशन तपासण्याची वेळ आलेली असते. हे द्रव बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. खांबांना वाळवी लागू नये म्हणून जळके ऑइल फासण्याची रीत गावोगाव आहे, पण यात पाणी आणि आम्लांश असल्याने ते त्या कामालाही धड नाही. बंद डब्यात साठवून गॅरेजच्या जळक्या ऑइलच्या ड्रममध्ये टाकावे.