तारेवर मांजात अडकलेल्या पक्ष्याची सुटका कशी करावी

संक्रांतीच्या दिवसांत विजेच्या तारेवर मांजात पाय गुंतलेली घार किंवा कबुतर फडफडताना दिसले की जीव कासावीस होतो आणि माणूस हाताला लागेल ती काठी घेऊन गच्चीवर धावतो. पक्षी जर तारेवर खुशाल बसतो, तर काठीने तार शिवल्यास काय होणार, असे त्या घाईत वाटते; पण ही समजूत जिवावर बेतते.

वीज शरीरातून वाहण्यासाठी दोन ठिकाणच्या विद्युतदाबात फरक असावा लागतो, आणि पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. किलोमीटरला 0.3 ओहम रोध असलेल्या तारेतून 100 अँपिअर प्रवाह जात असला, तर पाच सेंटिमीटर अंतरावरच्या दोन पंजांमधील फरक जेमतेम दीड मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या सेलच्या हजाराव्या हिश्श्याएवढा भरतो. तार 11 हजार व्होल्टची असली तरी हा हिशेब तोच राहतो. मात्र पंख शेजारच्या तारेला किंवा खांबावरच्या लोखंडी पट्टीला लागला, की तोच पक्षी जागीच मरतो. खांबावरचा कावळा एकदा निरखून पाहा: चिनी मातीच्या इन्सुलेटरमुळे तार आणि पट्टी यांच्यात जे अंतर राहते ते वीतभरच असते. मोठ्या पंखांची वटवाघळे तारांवर मरून लटकलेली दिसतात, ती याच कारणाने.

माणूस गच्चीवर असो वा शिडीवर, जमिनीशी जोडलेलाच असतो, आणि ओला बांबू किंवा धातूचा अंश असलेला मांजा वीज थेट त्याच्यापर्यंत आणतो. म्हणून खांबावर रंगवलेला क्रमांक आधी टिपून घ्यावा आणि वीज तक्रारीसाठी 1912, वनविभागासाठी 1926 किंवा अग्निशमन दलासाठी 101 या क्रमांकावर कळवावे. लाइनमनने वाहिनी बंद करून तिचे अर्थिंग करेपर्यंत कोणालाही वर चढू देऊ नये. घरातले दिवे गेले म्हणजे समोरची तार बंद झाली, असे मुळीच धरू नये. तोवर मुलांना खाली लोंबणारा मांजा ओढण्यापासून आवरणे, हेच आपल्या हातातले सर्वांत मोलाचे काम आहे.

पक्षी खाली आल्यावर त्याच्यावर सुती कापड टाकून, पंख अंगालगत धरून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवावे. मांसात रुतलेला मांजा ओढून काढू नये. बाहेर लोंबणारी टोके तेवढी कात्रीने कापावीत आणि उरलेले काम पशुवैद्यांवर सोपवावे. चोचीत पाणी ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरतो.