पिन-पार्वतीला जाताय? आधी रजा मांडा

पिन-पार्वती खिंड 5,319 मीटरवर आहे. कुल्लूकडच्या हिरव्यागार पार्वती खोऱ्यातून चढायचं आणि स्पितीच्या उघड्याबोडक्या पिन खोऱ्यात उतरायचं, अशी साधारण शंभर किलोमीटरची चाल. खीरगंगेपर्यंत गर्दी असते, पुढे पिन खोऱ्यातल्या मूदपर्यंत गाव लागत नाही. मंतलाई तलावापलीकडे कुणी आजारी पडलं तर मागे फिरायचं म्हणजे आलेली सगळी वाट पुन्हा तुडवायची. म्हणून तयारीच्या या यादीत सॅक नंतर येते. आधी कॅलेंडर.

चालायचे दहा दिवस धरा, जाण्यायेण्याचे पाच-सहा, आणि त्यावर किमान तीन दिवस निव्वळ राखीव. झेलम एक्स्प्रेसनं अंबाल्याला उतरून चंदीगडमार्गे भुंतर, मणिकरण, बरशैणी एवढा प्रवासच अंग आंबवून टाकतो. ऑफिसमधून तीन आठवडे मिळत नसतील तर सरळ दुसरा ट्रेक निवडा. दिवस कमी पडले की पहिली कात्री विश्रांतीच्या दिवसाला लागते, आणि विरळ हवेत नेमका तोच दिवस लागतो. हंगाम जुलै ते सप्टेंबर. मला ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा मध्य बरा वाटतो, कारण तेव्हा पाऊस ओसरू लागतो आणि बर्फ वितळून येणारे ओढे जुलैइतके फोफावलेले नसतात. गणपती बहुतेक वर्षी याच दिवसांत येतात, तेव्हा घरी आणि ढोल पथकात आधीच बोलून घ्या.

मग एक कोरा कागद घ्या. प्रत्येक मुक्कामापुढे त्याची उंची लिहा. पुणे साधारण 560 मीटरवर, बरशैणी 2,200 च्या आसपास, मंतलाई 4,100 च्या आसपास. 3,000 मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या जागेत 500 मीटरपेक्षा जास्त वाढ नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच. ट्रेक नेणाऱ्या एजन्सीच्या कार्यक्रमात याहून मोठी उडी दिसली तर पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर ‘सगळे असंच करतात’ असं आलं तर एजन्सी बदला. डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेचा त्रास टाळायची गोळी, घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते मुद्दाम सांगा. बोटांना मुंग्या येणं आणि सारखी लघवी लागणं हे त्या गोळीचे नेहमीचे परिणाम आहेत, घाबरू नका. घाबरायचं ते दुसऱ्याच गोष्टींना: बसल्या जागी दम लागणं, चालताना झोकांड्या जाणं, बोलण्यात गोंधळ. अशा वेळी रात्र असली तरी माणसाला खाली न्यायचं. नुसती डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आहे तिथेच थांबायचं, वर चढायचं नाही. हा नियम पुण्यातच सगळ्यांनी कबूल करून घ्या. वर गेल्यावर ज्याला त्रास होतो तोच ‘मी ठीक आहे’ म्हणत असतो.

पायांची तयारी पुणेकराला सोपी. आठवड्यात वेताळ टेकडी, रविवारी आतकरवाडीतून सिंहगड, शेवटच्या महिन्यात एखादी कात्रज ते सिंहगड चाल. सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून वजन हळूहळू वाढवत न्या. उतरताना जीपमध्ये बसू नका, कारण मूदच्या बाजूचा उतार गुडघ्यांचीच परीक्षा घेतो. पिठलं-भाकरी खाऊन उतरलात तरी चालेल. पण एक लक्षात असू द्या: सिंहगड 1,312 मीटरच उंच आहे. तिथे कितीही फेऱ्या मारल्या तरी विरळ हवेची सवय होत नाही. उलट दणकट पायाचा माणूस तिकडे भराभर चढतो आणि तोच आधी आडवा होतो.

बूट आताच घ्या आणि याच चढांवर रुळवून घ्या; बोटांपुढे थोडी जागा हवी, जाड मोज्यांसकट. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची पिशवी घालायची सह्याद्रीतली सवय तिथेही कामाची. कॉटन मात्र घरीच. इथला पाऊस भिजवतो, तिथला गारठवून मारू शकतो. झोपायच्या कपड्यांचा एक कोरडा जोड काहीही झालं तरी दिवसा घालायचा नाही. बर्फावरच्या उन्हासाठी चांगला काळा चष्मा, ओढ्यांसाठी पट्ट्याच्या चपला. ओढे सकाळी लवकर ओलांडायचे, दुपारी पाणी चढतं. दोर, क्रॅम्पॉन (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांखाली बांधायचे दाते) आणि हिमनदीच्या भेगा ओळखणारा स्थानिक वाटाड्या एजन्सीकडे आहेत ना, हे लेखी घ्या.

जेवण एजन्सी देईल, तरी खिशातला खाऊ आपला हवा. 5,000 मीटरवर पाणी 83 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. विरळ हवेत भूकही मरते. शेंगदाण्याचे लाडू, गुळपापडी, खाकरे, मेतकूट, बाटलीभर साजूक तूप. गोड सगळ्यांना नकोसं होतं, म्हणून दाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं जरूर.

कागद: ओळखपत्राच्या प्रती, डॉक्टरांचा दाखला, परवानग्या एजन्सीनं काढल्या तरी स्वतः डोळ्यांखालून घाला. विम्यात किती उंचीपर्यंत संरक्षण आहे ते बारीक अक्षरात शोधा. दात एकदा तपासून घ्या. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं आपल्याकडे बेकायदा आहे, तेव्हा अमेरिकेतल्या भावानं पाठवलेलं यंत्र घेऊन जाऊ नका. त्यापेक्षा घरी एक चिठ्ठी ठेवा: कोणत्या दिवशी कुठे मुक्काम, एजन्सीचा नंबर, आणि कोणत्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर हालचाल करायची. ती तारीख राखीव दिवस धरूनच लिहा, नाहीतर आई पहिल्याच उशिराला पोलिसांत जाईल.

विमानानं जाणार असाल तर पॉवर बँक हातातल्या बॅगेत, काठ्या सामानात, गॅसचे डबे कुठेच नाहीत. परतीचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा, बदलता येईल असं. मूदहून काझाला आल्यावर मनालीच्या वाटेवरची कुंझुम खिंड बर्फानं बंद झालेली असू शकते. मग किन्नौरमार्गे सिमला गाठायचं, आणि त्याला मनालीच्या वाटेपेक्षा जास्त वेळ लागतो.